टॉवर समोर, टीव्ही काळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत दूरदर्शन कसं डिजिटल झालं त्याचं कौतुक वाचलं. 1972, वरळीचा टॉवर, 'गजरा' हा कार्यक्रम, सगळं आलंय, छान लिहिलंय. फक्त साध्या माणसाने आता टीव्ही लावायचा कसा, तेवढं राहून गेलं बघा.

आमच्या सासूबाई डोणज्यात राहतात, सिंहगडाच्या पायथ्याला. गडावरचा दूरदर्शनचा टॉवर अंगणातून दिसतो. पूर्वी कौलांवर एरियल, त्याला चपटी वायर, की झालं, सह्याद्रीच्या सातच्या बातम्या फुकटात. पावसात मुंग्या यायच्या पण आवाज यायचा, आणि सासूबाई तर दळण निवडता निवडता नुसत्या ऐकायच्याच, चित्राशी त्यांना काय देणंघेणं. मग टॉवरवरचं ते जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. दुकानदार म्हणाला डिशची छत्री लावा, लावली. आता टॉवर समोर आणि बातम्या येणार 36 हजार किलोमीटरवरच्या सॅटेलाइटवरून! त्याही धो धो पाऊस नसेल तर. डिजिटलचं असंच असतं म्हणे, एकतर लख्ख नाहीतर काहीच नाही, म्हणजे घाटात दरड आली का हे कळायला पाहिजे नेमकं तेव्हाच 'नो सिग्नल'ची पाटी नाचत असते.

लेखक महाशयांनी 2016 चा उल्लेख केलाय, 16 शहरांत टॉवरवरून, म्हणजे छत्रीशिवाय, डिजिटल सुरू झालं तो. त्या यादीत मुंबई आहे, औरंगाबाद आहे, पुणं नाही. आमचा गड बहुतेक फक्त ट्रेकिंग आणि पिठलं-भाकरीपुरता! बरं, मुंबईकरांनी तरी काय दिवे लावले? माझा भाऊ लॅमिंग्टन रोडवर एरियलला चालेल असा डिजिटल बॉक्स मागत फिरला, तर जो तो डीटीएचचा, म्हणजे छत्रीवालाच, पुढे करतोय. प्रक्षेपण सुरू करायचं आणि ते पकडायचा डबा बाजारात आहे का हे बघायचंच नाही, याला काय म्हणायचं?

मोबाइलवर बघा हा सल्ला कृपया कोणी देऊ नये, सासूबाईंना फोन उचलता येतो तेवढं पुष्कळ आहे.

आणि विषय निघालाच आहे तर, रविवारी टीव्हीच्या कार्यक्रमांच्या वेळा छापायचात ते सदर का हो बंद केलंत? त्या जागी आता फ्लॅटची जाहिरात असते, तीसुद्धा अर्धं पान. सदर परत सुरू करा ही विनंती, निदान सह्याद्रीपुरतं तरी.

कळावे,
एक जुनी वाचक, सिंहगड रस्ता, पुणे