बाटल्या भरण्याआधी सायडर मोजून घ्या

मंडळी, शनिवारी बाटल्या भरायच्या आहेत, पण बुडबुडे थांबले म्हणजे सायडर (सफरचंदाच्या रसाची आंबवलेली दारू) तयार झालं असं समजू नका. इथल्या, इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या थंडीत यीस्ट नुसतं झोपतं. ऊब मिळाली की उरलेली साखर आंबवायला पुन्हा कामाला लागतं, आणि वायूच्या दाबाने बंद बाटली फुटते. काच डोळ्यात जाऊ शकते, म्हणून एवढा आग्रह. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीचं) माप दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. दोन्ही वेळा तेच, १.००० (म्हणजे पाण्याइतकं) किंवा त्याखाली आलं तरच भरा. फेस हवा असल्यास लिटरमागे ५ ग्रॅम साखर पुरे, आणि बाटल्या शॅम्पेनच्या जाड काचेच्याच आणा. यंदा डॅबिनेट सफरचंदांचा मऊ तुरटपणा फार सुरेख उतरलाय! ज्यांचं माप अजून वर आहे त्यांनी खुशाल महिनाभर थांबावं.