दरीचा आणि डोंगराचा अंदाज वेगवेगळा छापावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शरद ऋतू सरत आला की आपल्या दैनिकात येणारा विभागीय हवामान अंदाज मी दरवर्षी लक्षपूर्वक वाचतो. येत्या तीन-चार आठवड्यांत तापमान सरासरीच्या वर राहील की खाली, पाऊस कितपत होईल, पहिले बर्फ केव्हा पडण्याची शक्यता आहे, हे त्यातून कळते आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र डोंगराळ प्रदेशातील दऱ्या आणि माथे यांना मिळून एकच आकडा देण्याची जी पद्धत पडून गेली आहे, ती नेमकी याच ऋतूत सर्वांत जास्त दिशाभूल करते, म्हणून हे पत्र.

उंचीबरोबर हवा थंड होत जाते, हे शाळेत सगळेच शिकतात. सरासरीने हे प्रमाण दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश सेल्सिअस धरले जाते. त्यामुळे दरीतल्या गावाचे तापमान आठ अंश छापले असेल, तर हजार मीटर वरच्या खिंडीत दीड अंश असणार, असा हिशेब वाचक मनातल्या मनात करतो आणि त्यावरून अंगावरचे कपडे, गाडीचे टायर आणि निघण्याची वेळ ठरवतो. उन्हाळ्यातल्या दुपारी हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. शरदाच्या अखेरीस तो पुष्कळदा साफ उलटा पडतो. रात्री लांबलेल्या असतात, सूर्य इतका कललेला असतो की खोल दरीच्या तळाशी भर दुपारीही ऊन फार वेळ टिकत नाही, आणि त्यात आकाश निरभ्र व वारा पडलेला असला, तर जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून ओघळत तळाशी साचते. तळ थंड आणि वरचा उतार उबदार, अशा या उलट्या स्थितीलाच भूगोलाच्या पुस्तकात तापमानाची विपरीतता म्हटलेले असते.

अशा पहाटे दरीच्या तळाशी गवताच्या पात्यांवर दहिवर असते, गाडीच्या काचेवर खरवडून काढावा लागेल असा बर्फाचा पापुद्रा असतो आणि धुराड्यातून निघालेला धूर थोडा सरळ वर चढून एका ठरावीक उंचीवर अडतो व आडवा पसरतो. त्या उंचीच्या वर, कित्येकदा अवघ्या दोन-तीनशे मीटरवर, लख्ख ऊन असते आणि हवेत ऊब असते. उताराच्या या मधल्या पट्ट्यात दहिवर कमी पडते, हे फळबागा लावणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अंदाजात मात्र ‘सकाळी धुके, नंतर निरभ्र’ एवढेच छापून येते. अरुंद खोऱ्यात त्यातले ‘नंतर’ दिवसचे दिवस येत नाही, कारण या ऋतूतले दुबळे ऊन साचलेल्या थंड हवेचा थर फोडू शकत नाही. तो हलायला जोराचा वारा किंवा नवी वादळी प्रणाली यावी लागते.

माझा मुख्य आक्षेप महिन्याच्या अंदाजावर आहे. समजा, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला ठेवणारे उच्च दाबाचे क्षेत्र महिनाभर ठाण मांडून बसले, तर माथ्यावर कोरडे, उबदार दिवस राहतील आणि त्याच दिवसांत दरीच्या तळाशी थंडी व धुके मुक्काम करतील. १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीशी तुलना केली, तर माथा सरासरीपेक्षा बराच उष्ण आणि तळ सरासरीपेक्षा थंड निघू शकतो. या दोन्हींची बेरीज करून विभागासाठी ‘तापमान सरासरीइतके’ असे लिहिले, तर ते वाक्य आकडेमोडीच्या दृष्टीने बरोबर असूनही त्या विभागातल्या कोणत्याच गावाला लागू पडत नाही.

हा दोष अंदाज करणाऱ्यांच्या हलगर्जीपणाचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राच्या जागतिक प्रारूपात, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या आराखड्यात, भूभाग चौकटींत विभागलेला असतो; त्यातली एक चौकट सुमारे ९ किलोमीटर रुंद असते आणि त्याच केंद्राच्या, २०१७ मध्ये कार्यान्वित झालेल्या हंगामी प्रारूपाची चौकट सुमारे ३६ किलोमीटरची आहे. दोन-तीन किलोमीटर रुंदीची दरी अशा चौकटीत दिसतच नाही. तिथे डोंगर आणि दरी मिळून मधल्याच कुठल्या तरी उंचीचा एक सपाट प्रदेश होतो. ही उणीव स्थानिक जाणकाराच्या चार ओळीच भरून काढू शकतात, आणि जागेअभावी आधी कात्री लागते ती त्याच ओळींना.

विपरीतता ही केवळ गैरसोयीची बाब नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मोनॉन्गहेला नदीच्या काठी वसलेल्या डोनोरा येथे ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस अशाच अडकलेल्या हवेत कारखान्यांचा विषारी धूर कोंडला गेला आणि थोड्याच दिवसांत वीस माणसे दगावली. बेल्जियममधील म्यूज नदीच्या खोऱ्यात डिसेंबर १९३० मध्ये असेच घडले होते. तिथे मृतांची संख्या साठच्या आसपास होती. दम्याच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना हवा किती दिवस कोंडलेली राहणार आहे, हे आधी कळणे म्हणूनच गरजेचे आहे.

पाऊस आणि बर्फ यांच्या बाबतीतही एक आकडा पुरत नाही. हिमकण शून्य अंशाच्या पातळीखाली साधारणतः आणखी दोन-तीनशे मीटर उतरून मग वितळतात. पण अरुंद दरीत वारा नसताना जोराची वृष्टी सुरू राहिली, तर वितळणारे बर्फच तिथल्या हवेतली उष्णता शोषून घेते आणि बर्फाची रेषा, म्हणजे जिथवर पावसाऐवजी बर्फ पडते ती उंची, काही तासांत तळापर्यंत खाली येऊ शकते. याउलट, वर उबदार हवा आलेली असताना तळाशी गोठणबिंदूखालची हवा अडकून राहिली, तर पाऊस पाण्याच्याच रूपात पडतो आणि रस्त्यावर टेकताच गोठतो. वाहनचालकांसाठी यापेक्षा घातक हवामान क्वचितच असेल, आणि अंदाजात त्याची नोंद निव्वळ ‘हलका पाऊस’ अशी होते.

तेव्हा विनंती अशी की, दरीचा तळ, मधला उतार आणि माथा यांचे तापमान स्वतंत्रपणे द्यावे. धुक्याचा थर किती मीटरपर्यंत आहे आणि तो किती दिवस टिकण्याची शक्यता आहे, हे नमूद करावे. बर्फाची रेषा एका आकड्यात न देता ‘इतक्या ते इतक्या मीटरच्या दरम्यान’ अशी सांगावी, आणि माथ्यावरच्या वाऱ्याचा वेग वेगळा छापावा. दरीत पानही हलत नसताना धारेवर उभे राहणे कठीण व्हावे इतका वारा असू शकतो. हे सगळे लगेच शक्य नसल्यास, निदान ज्या केंद्रांचे तापमान रोज छापले जाते त्यांच्या नावापुढे समुद्रसपाटीपासूनची उंची तेवढी पुढच्या आठवड्यापासून द्यायला सुरुवात व्हावी.

कळावे,
आपला एक नियमित वाचक