कॉयरमधली जागा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

कॉयरमध्ये मागच्या रांगेत उभं केलं म्हणून परवा फोनवर धुसफुसत होतीस, तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मला हसू आवरत नव्हतं. तुम्ही बसवताय तो संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा ‘वॉर रेक्विएम’, म्हणजे युद्धात मेलेल्यांसाठीची ती प्रार्थना, मी सध्या रोज ऐकतेय. त्यातल्या सोप्रानोबाईंनी, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेनं, नेमक्या जागेवरूनच केवढा तमाशा केला होता, हे नुकतंच वाचलं होतं.

गालिना विश्नेव्स्काया त्यांचं नाव. जानेवारी १९६३, लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये ‘वॉर रेक्विएम’चं रेकॉर्डिंग. इंग्रज गायक पीटर पिअर्स आणि जर्मन गायक फिशर-डिस्काउ, पहिल्या महायुद्धात लढलेल्या विल्फ्रेड ओवेनच्या युद्धकविता गाणार. सोप्रानोचं सगळं लॅटिनमध्ये आणि कॉयरच्या जोडीनं, म्हणून तिला कॉयरकडे उभं केलं. रचनाच तशी आहे. पण बाईंना वाटलं, आपल्याला मुद्दाम कमी लेखतायत. रेकॉर्डिंगचे निर्माते जॉन कलशॉ यांनी लिहून ठेवलंय की त्या चक्क जमिनीवर पडून किंचाळत होत्या! आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा थाटात येऊन गायल्या.

नखरेल बाई म्हणून मी सोडून दिलं असतं. पण आधीचं वर्ष बघ. ब्रिटननं सोप्रानोचा हा भाग तिच्याच आवाजासाठी लिहिलेला. रशियन, इंग्रज, जर्मन असे तिघं एकत्र गाणार ही त्याची कल्पना. पहिला प्रयोग ३० मे १९६२ ला, कोव्हेंट्रीच्या नव्या कॅथीड्रलमध्ये. सोव्हिएत सरकारनं तिला परवानगीच दिली नाही. त्याच वर्षी लंडनला ‘आयडा’ हा ऑपेरा गायला मात्र चालत होतं! ऐनवेळी हेदर हार्परनं दहा दिवसांत सगळं बसवून ते गायलं.

आवाज मला पहिल्यांदा रुचला नाही, खरं सांगते. पितळी ताटावर पळी आपटावी तशी धार. दोन-तीनदा ऐकल्यावर कान तयार झाला. लेनिनग्राडच्या वेढ्यात ती पंधरा-सोळा वर्षांची पोर. जिनं सांभाळलं ती आजी त्याच वेढ्यात गेली. पुढे ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकांत, गायली. चुकीच्या तालमीनं वरचे सूर गेले होते, ते वेरा गारीना नावाच्या म्हाताऱ्या गुरूंनी दोन वर्षं घासून परत आणले. मग क्षय झाला. डॉक्टर फुफ्फुस दाबून बसवायला निघाले, हिनं ऐन वेळी नकार दिला. (हे वाचून तुझे बाबा म्हणाले, हट्टी आहे, आपल्या सईसारखी.) १९५२ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात निवड झाली. १९६१ ला न्यूयॉर्कचं मेट, १९६४ ला मिलानचं ला स्काला, अशा मोठ्या ऑपेरागृहांत गायली. रशियन संगीतकार शोस्ताकोविचनं कवी ब्लोकच्या कवितांवरची गाणी तिला अर्पण केली.

नवरा चेलोवादक रोस्त्रोपोविच. भेटीनंतर चार दिवसांत लग्न. तू असलं काही करू नकोस. या दोघांनी सरकारच्या रोषातल्या लेखक सोल्झेनित्सिनला आपल्या दाचात, म्हणजे गावाबाहेरच्या घरात, आसरा दिला, आणि मग कार्यक्रम आटले, वर्तमानपत्रांतून नावं गाळली जाऊ लागली. १९७४ ला मुलींना घेऊन देश सोडला, १९७८ ला सोव्हिएत सरकारनं दोघांचं नागरिकत्व काढून घेतलं. ती बातमी त्यांना पॅरिसमध्ये टीव्हीवरून कळली. १९९० ला परत मिळालं. ऑपेराचा रंगमंच तिनं १९८२ मध्ये पॅरिसला ‘यूजीन ओनेगिन’मधल्या तात्यानाच्या भूमिकेत सोडला. बोल्शोईतली तिची पहिली मोठी भूमिका हीच.

आता तुझ्या कामाचं. ‘वॉर रेक्विएम’च्या ‘लिबेरा मे’ या भागात विश्नेव्स्काया ‘ट्रेमेन्स’ म्हणत शिरते ती जागा हेडफोन लावून ऐक. ‘सॅन्क्टुस’ या भागात तिच्यानंतर तुम्ही सगळे आपापल्या लयीत पुटपुटायला लागता ना, खालून वर चढत? ते घरी एकटीनं कसं बसवतेस? मला लयच सापडत नाही. प्रयोगाची तारीख पक्की झाली की लगेच कळव, बाबा व्हिसाचे कागद काढून बसलेत.

तुझी
आई