बुऱ्हाणपूरचा महाल बघायचा तर आधी पाणी बघ

रावेर, जि. जळगाव

प्रिय अरविंद,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. दिवाळीनंतर वहिनी, मुलं आणि आप्पांना घेऊन बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला आणि बागा बघायला यायचं म्हणतोस, तर अवश्य ये. फक्त मुमताजच्या मृत्यूची जागा एवढंच डोक्यात ठेवून येऊ नकोस. तसे येणारे लोक किल्ल्यात अर्धा तास फिरतात, फोटो काढतात आणि 'नुसत्या पडक्या भिंती तर आहेत' म्हणत मावा जिलबी खायला निघून जातात. त्यांनाही बोल लावता येत नाही. हा महाल सात मजली होता असं सांगतात. त्यातलं वरचं बहुतेक सगळं पडलं आहे. जे उरलं आहे ते पाण्यासाठी बांधलेलं आहे. ते पाणी कुठून आलं हे आधी बघितलं, तर बाकीचं आपोआप उलगडतं.

म्हणून सुरुवात कुंडी भंडाऱ्यापासून, म्हणजे गावाला पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या भुयारापासून कर. स्टेशन लालबागेत आहे, गावापासून तीनेक किलोमीटर बाहेर, आणि भंडारा त्याच बाजूला आहे. आधी किल्ल्यात जाऊन मग उन्हात परत लालबागेत यायचं म्हणजे दुहेरी हेलपाटा. खुद्द लालबाग हीसुद्धा मोगली बागच होती. आता वस्तीलाच ते नाव उरलं आहे.

मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानान इथे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, ही व्यवस्था झाली. आखणी एका इराणी भूगर्भतज्ज्ञाची होती. बुऱ्हाणपूर तापीच्या काठावर असूनही पिण्याचं पाणी नदीतून घेतलं नाही, कारण साधं आहे. नदी खाली, गाव आणि किल्ला वर. मोट किंवा रहाट लावून किती पाणी चढवणार? शिवाय शत्रू आला तर नदीकाठ आधी जातो. उलट सातपुड्याच्या पायथ्याला मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकतच असतं. ते वाटेत अडवायचं, भुयारात घ्यायचं आणि हलक्या उताराने गावात आणून सोडायचं. भुयारावर थोड्या थोड्या अंतराने विहिरीसारखी गोल तोंडं सोडली आहेत, त्याच कुंड्या. शंभरावर होत्या. त्यांतून भुयारात हवा आणि उजेड जातो, आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. जमिनीवर त्यांना कमरेइतका किंवा त्याहून उंच कठडा आहे, पावसाचं गढूळ पाणी आणि गुरंढोरं आत पडू नयेत म्हणून. शेतातून चाललास की कठड्यांची ओळ सरळ दिसते, आणि भुयार कुठून कुठे गेलंय ते नकाशाशिवाय कळतं.

एका कुंडीला लिफ्ट बसवली आहे, सुमारे ऐंशी फूट खाली नेणारी. ती चालू असतेच असं नाही, तेव्हा निघण्याआधी चौकशी कर. आप्पांना खाली नेऊ नकोस. खाली पाण्यातून चालावं लागतं आणि पाय घसरतो. तू मात्र उतर, हाफपँट आणि मागे पट्टा असलेली सँडल घालून. बॅटरी हातातली नको, डोक्याला बांधायची घे. खाली भिंतीला हात लावून बघ. पांढरा, खरखरीत थर लागेल. आपल्या केळीच्या ठिबकच्या नळ्यांत क्षार बसून पाणी कमी येतं ना, तीच ही गोष्ट, फक्त चारशे वर्षांची. पाण्यात विरघळलेला चुना हवा लागली की भिंतीवर बसतो आणि वाट वर्षागणिक अरुंद होते. पूर्वी तो खरवडत असत. दुसरा रोग नवा आहे: आजूबाजूच्या बोअरवेल. भुयार फार खोल नाही, बोअर त्याच्या कितीतरी खाली जाते, आणि पाण्याची पातळी एकदा भुयाराच्या तळाखाली गेली की कितीही साफसफाई करून उपयोग नाही.

भुयाराचं पाणी गावात जाली करंज नावाच्या टाकीत येई आणि तिथून खापरी नळांनी वाटलं जाई. हे लक्षात ठेवून मग किल्ल्यात जा.

किल्ला फारुकी सुलतानांचा. मलिक नासिर फारुकीने गाव वसवलं, खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतांच्या नावाने. आदिलखान दुसरा याने किल्ला वाढवला. खानदेशाची राजधानी हीच, आपलं जळगाव तेव्हा कुणाच्या गणतीत नव्हतं. १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेतला आणि फारुकी संपले. त्यानंतर मोगलांच्या दख्खन मोहिमांचा तळ कायमचा इथे पडला. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात इथेच शाहजादा परवेझला भेटला.

आत गेल्यावर समोरची हिरवळ आणि बोगनवेल बघून 'हीच मोगली बाग' असं मुलांना सांगू नकोस. ती आजची लागवड आहे. मोगली बागेत पायवाट उंच आणि वाफे खोल असत. पायवाटेच्या मधून दगडी पाट, पाटातून बाऱ्याने पाणी वाफ्यात. झाडं फळांची आणि वासाच्या फुलांची. वाफा खोल असला की पाणी झिरपत मुळाशी जातं, आणि वरून चालणाऱ्याच्या हाताशी फुलं-फळं येतात. तुझ्यासारख्या बागायतदाराला हे दोन वाक्यांत पटेल, शहरातल्या माणसाला समजवायला वेळ लागतो. कारंज्याचा हिशोबही तसाच: टाकीची उंची जितकी, त्याहून धार वर जात नाही, उलट नळाच्या घासण्याने आणि सांध्यांच्या गळतीने कमीच होते. खापरी नळाचे सांधे चुन्याने भरत. झाडाची मुळं पाण्याच्या मागावर तिथेच शिरतात, म्हणून अशा बागांत आधी कारंजी बंद पडतात, मग पाट कोरडे होतात आणि शेवटी झाडं जातात.

खरा वेळ हमामखान्यात, म्हणजे शाही स्नानगृहात घालव. सकाळी नऊ-साडेनऊला जा, वरून येणारा उजेड तेव्हा बरा असतो. आत शिरल्याबरोबर वर बघू नकोस. दोन-तीन मिनिटं डोळे स्थिरावू दे. मग छतावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांतली वेलबुट्टी हळूहळू दिसायला लागते. भिंती जाड आणि खाली खिडक्या नाहीत, ऊब टिकावी म्हणून. छत घुमटाकार, कारण सपाट छताला वाफेचे थेंब लोंबून अंगावर पडतात. वळणावरून ते भिंतीकडे ओघळतात. वेलबुट्टी अजून टिकून आहे ती चुन्याच्या घोटीव गिलाव्यामुळे. जिथे गेली आहे तिथे वरून पाणी मुरलंय, नाहीतर कुणी खिळ्याने आपलं आणि आपल्या तिचं नाव कोरलंय. फ्लॅश वापरू नका आणि मुलांना भिंतीला टेकू देऊ नकोस. गिलावा आतून पोकळ झालेला असतो, नुसत्या पाठीच्या दाबाने पापुद्रा येतो.

इथे गाइड छतावरचं एक चित्र दाखवून 'हाच ताजमहालाचा पहिला नमुना' असं छातीठोक सांगेल. ताज इथेच होणार होता, पण मातीला वाळवी होती, हेही ऐकशील. ऐकून घे, वाद घालू नकोस. पक्कं तेवढं मुलांना सांग: खानजहान लोदी या सरदाराचं बंड मोडायला शाहजहान १६३० मध्ये इथे आला आणि १६३२ पर्यंत राहिला. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. ती मुलगी, गौहर आरा, जगली. आणखी एक गोष्ट कुणी गाइड सांगत नाही. त्याच काळात खानदेश-गुजरातेत भयंकर दुष्काळ होता. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस आठवडे, म्हणजे एक लाख रुपये वाटले गेले. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी तेव्हा याच रस्त्याने गेला, आणि त्याने वाटेत प्रेतांचे खच लिहून ठेवले आहेत. हमामात उभं राहून हेही आठवावं, असं मला वाटतं.

जामा मशीद वाटेतच आहे. शुक्रवारची दुपार टाळ. राजा अलीखान फारुकीची ही मशीद १५८९ च्या सुमाराची, आणि आत संस्कृत शिलालेख आहे. मशिदीत संस्कृत, तोही राजाच्या हुकमाने! तो चुकवू नकोस.

जेवणाला गावातच थांबा. मांडा म्हणजे इथे आपला पुरणाचा नव्हे. हातभर पसरलेली, रुमालासारखी पातळ पोळी. शाकाहारी मंडळींना दराबा ही इथली मिठाई आणि मावा जिलबी. जिलबी काळपट दिसते, करपलेली म्हणून परत करू नका. मावा तळला की तसाच रंग येतो.

उन्हं कलली की तापी ओलांडून जैनाबादला, आहुखान्यात जा. ही हरणांची बाग. मुमताजला आधी इथेच पुरलं होतं. डिसेंबर १६३१ मध्ये शाह शुजाच्या देखरेखीखाली देह आग्र्याला नेला. बारादरी आणि हौद पडक्या अवस्थेत, भोवती शेतं. पाटी शोधत बसू नकोस, रिक्षावाला जैनाबादचा असेल असं बघ. पायवाटेला कुसळं असतात, तेव्हा वहिनींना बंद चपला घालायला सांग. तरुण औरंगजेबाने हीराबाई जैनाबादीला आंबा तोडताना पाहिलं ते याच बागेत, असं फारसी चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. आंबा होता म्हणजे पाणीही होतं. हौदापासून पाटाचा माग काढत फिरलास तर बागेची आखणी पायाखाली लागते.

परतताना राजघाटावर थांब. नदीपात्रात दगडी हत्ती आहे आणि किल्ल्याची नदीकडची भिंत इथूनच पूर्ण दिसते. उंचीचा अंदाज आत राहून येत नाही.

दुसरा दिवस काढणार असलास तर महाल गुलारा. गावापासून वीसेक किलोमीटर, उतावळी नदीवर बांध घालून दोन्ही काठांवर समोरासमोर दोन महाल. दिवाळीनंतर लगेच आलास तर बांधावरून पाणी पडताना दिसेल, शिमग्याला आलास तर दगड. वेळ कमी असेल तर खरबुजा गुंबद तरी बघ. शाह शुजाच्या बेगमेची कबर, आतली रंगकामं हमामापेक्षा जास्त शाबूत आहेत. आप्पांना इतिहासाचं वेड, त्यांना मिर्झाराजे जयसिंगांची छत्री दाखव. पुरंदरचा तह करणारा हा सेनापती १६६७ मध्ये इथेच वारला. आणि १६८१ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने लुटलेला बहादुरपुराही इथलाच.

येताना सगळ्या गाड्या बुऱ्हाणपूरला थांबत नाहीत. नसेल थांबत तर भुसावळला उतर. मोटारीने येणार असलास तर मुक्ताईनगर-इच्छापूरकडून ट्रकांची रांग असते, सावदा-रावेरकडून केळीच्या गाड्यांची. दोन्हीकडे सकाळी सातच्या आत निघालेलं बरं. रिक्षा दिवसभरासाठीच ठरव आणि 'आहुखाना धरून' असं आधीच बोलून घे, नाहीतर नदीपलीकडचे पैसे वेगळे मागतात.

पाण्याच्या बाटल्या माणशी दोन. तारीख पक्की झाली की कळव, लिफ्ट चालू आहे का ते इथून विचारून ठेवतो. आप्पांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत