नव्या ट्रकचालकाला सोबत उस्ताद हवा

संपादक महोदय,

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वीस वर्षे पूर्ण आणि हलक्या वाहनाचा वर्षभर जुना परवाना असला की अवजड वाहनाच्या लायसन्सची वाट मोकळी होते. पण भरलेला ट्रक चालवणं ही निराळी विद्या आहे. माझा पुतण्या सध्या ती शिकतोय. नशिबानं शेजारी जुना उस्ताद, म्हणजे मुरलेला चालक, बसतो. तुळजापूरचा घाट उतरताना तो न्यूट्रल करू देत नाही. "चढताना जो गिअर टाकशील, त्याच गिअरमध्ये उतर. सारखा ब्रेक दाबलास तर ब्रेकचे लायनर तापतील, मग ब्रेक लागणारच नाही," हे तो घाटातच समजावतो. निघण्याआधी ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा बघायचा, टायर ठोकून पाहायचे, हेही त्याचंच वळण. गाळप हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अचानक पुढ्यात येते, तेव्हा हीच शिकवण कामी येते.

काही गाडीमालक मात्र एका माणसाचा भत्ता वाचवायला नवख्या पोराला एकट्यालाच हैदराबादला धाडतात. हे फार धोक्याचं आहे. वाहतूकदार संघटनांनी सुरुवातीचे दोन महिने तरी उस्ताद सक्तीचा करावा आणि आरटीओने घाटातला व रात्रीचा सराव झाल्याशिवाय परवाना देऊ नये.

– एक वाचक, जुळे सोलापूर