सात नंबरचे बूट

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझे साइटचे सेफ्टी शूज दाराशी दिसले. नंबर सात. तुझा पाय चार नंबरचा, आणि आत मोज्यांचे दोन जोड कोंबलेले! माझी नाईट असल्यामुळे या आठवड्यात आपली गाठ पडायची नाही, म्हणून लिहून ठेवतोय. भांडुपला बसायला जागा मिळाली तर गाडीत वाच. मिळणार नाही म्हणा.

मोठ्या बुटात पाय टाचेकडे सरकतो आणि बोटं पुढच्या कडक टोपीखाली पुरती पोचत नाहीत. ज्या बोटांसाठी एवढं वजन वागवायचं तीच उघडी. शिवाय टाच आत उचलली जाते. वरळीला तुमच्या टॉवरला अजून लिफ्ट नाही, दिवसभर जिने आणि शिड्या. पायरीवर सोल नेमका कुठे टेकलाय हे पायाला कळलं नाही तर पुढचं मी लिहीत नाही.

हे कसं होतं ते मला ठाऊक आहे, कारण आमच्याकडे मीच स्टोअर सांभाळतो. इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, टाकताना सात, आठ, नऊ असे खोके मागवतात. साइटवर मुलगी इंजिनीअर येईल हे कोणाच्या डोक्यातच नसतं. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, नुसता आळस असतो. चार-पाच नंबर बनतात, फक्त वेगळे मागवावे लागतात. तुमच्या स्टोअरवाल्याला तोंडी सांगू नकोस. नंबर घालून लेखी दे आणि कॉपी सेफ्टी ऑफिसरला. तोंडी सांगितलेलं आम्ही चहा संपेपर्यंत विसरतो. आणि ‘नवीन आहे, लगेच कसं मागू’ हे मनात आणू नकोस. पाण्यात किंवा ओल्या काँक्रीटमध्ये उभं राहणाऱ्याला पाणी न शिरणारे बूट द्यायचे, हे बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच लिहिलेलं होतं. बूट मागणं म्हणजे हट्ट नव्हे.

ते येईपर्यंत मात्र थांबू नकोस, आपले घे. नागदेवी स्ट्रीटला जा, मशीद बंदरला उतरून चालत. दुकानदार पहिल्यांदा पुढची टोपी ठोकून दाखवेल. सगळे तेच करतात. तुला पाहायचाय तो शिक्का. आयएसआयची खूण, तिच्यासोबत आयएस १५२९८, म्हणजे या बुटांचं भारतीय मानक, आणि भाग २. भाग २ च्या बुटाची टोपी २०० जूलचा मार सोसते, म्हणजे साधारण २० किलोचं वजन मीटरभर उंचीवरून पडलं तरी. भाग ३ ची १०० जूल. भाग ४ ला टोपी असावीच लागत नाही. बाहेरून तिन्ही काळे आणि तिन्ही दणकट दिसतात! खुणेजवळचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. दुकानात उभं राहूनच टाक, लाजू नकोस.

टोपी स्टीलची की कॉम्पोझिटची, म्हणजे बिनधातूची, यावर डोकं घालवू नकोस. मारासाठी चाचणी एकच, कॉम्पोझिट थोडी हलकी असते. स्टीलची टोपी वाकून बोटं कापते असं तुमच्या साइटवरही कोणीतरी सांगेल. जो भार ती टोपी चेपवतो, त्याच्याखाली नुसत्या चपलेतल्या बोटांचं काय झालं असतं, एवढं त्याला विचार.

माझं सगळं लक्ष खाली, तळव्याकडे असतं. तुमच्याकडे आता स्लॅब चढताहेत, म्हणजे रोज शटरिंग, काँक्रीटचा फळ्यांचा साचा, खोलणार. फळी काढली की सुतार ती टाकतो आणि खिळे आकाशाकडे. संध्याकाळी धूळ बसली की ते दिसतही नाहीत. स्टोअरमध्ये पट्टी मागायला येतात त्यांत बोटावर काही पडलेल्यांपेक्षा खिळा घुसलेले जास्त. तळव्यात खिळा अडवणारा थर नसेल तर बूट कितीही जाड दिसो, घेऊ नकोस. हा थर स्टीलच्या पत्र्याचा असतो किंवा विणलेल्या कापडाचा. कापडाचा पायाबरोबर वाकतो आणि तळवा कडेपर्यंत झाकतो, पण अगदी बारीक खिळ्यापुढे पत्रा सरस. तुमच्याकडे शटरिंगचे खिळे म्हटल्यावर मी पत्रा घेईन. बुटावर एस१पी किंवा एस३ लिहिलेलं असेल तर हा थर आहे असं समज. आपल्याला एस३ हवा. त्याचं चामडं पाणी बऱ्यापैकी अडवतं आणि सोलला खोल खाचा असतात. जून काही लांब नाही.

सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, हलका, तुला पुरेल. नायट्राइल रबराचा जड आणि महाग, तो वेल्डिंगवाल्यांना लागतो, कारण तापलेल्या लोखंडावर पीयू टिकत नाही. पण पीयूला आपली दमट हवा मानवत नाही. गोदामात वर्षानुवर्षं पडलेला जोड वरून कोरा करकरीत दिसतो आणि पायात घातल्यावर सोलचे तुकडे पडतात. बनवल्याचा महिना आणि वर्ष बुटावर असतं, तेवढं वाचून घे. सेलमधला जोड म्हणून मी घेत नाही.

आणि अँटीस्टॅटिक लिहिलंय म्हणून शॉक लागणार नाही असं धरून चालू नकोस. ते साठलेली स्थिर वीज जमिनीत सोडण्यापुरतं असतं. उघड्या वायरशी त्याचा संबंध नाही.

नंबर संध्याकाळी ठरव, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात तेव्हा. साइटवर घालतेस तोच एक मोज्यांचा जोड घाल, नाड्या वरपर्यंत बांध आणि दुकानाच्या जिन्यावरून उतरून बघ. उतरताना बोटं पुढे आपटली तर नंबर लहान, चढताना टाच निघाली तर मोठा. ‘वापरून सैल होईल’ हे चामड्याला लागू, टोपीला नाही. तिथे आज टोचलं तर वर्षभर टोचेल.

स्लॅब ओतायच्या दिवशी मात्र हे बूट नकोत, गमबूट घाल, टोपीवाले. पँट बुटाच्या बाहेर सोड. आत खोचलीस तर पातळ काँक्रीट सरळ बुटात उतरतं. ओलं सिमेंट कातडी जाळतं आणि जाळताना लगेच दुखत नाही, हाच त्याचा वाईटपणा. बुटात गेलं तर काम अर्ध्यावर सोड, बूट-मोजे काढ, भरपूर पाण्याने धू. मुकादम काय म्हणेल याची पर्वा करू नकोस.

पावसात भिजलेला बूट गॅसजवळ ठेवून वाळवायचा नाही, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेव. एका रात्रीत वाळत नाही, म्हणून दोन जोड आलटूनपालटून.

पैसे कपाटात, तुझ्या डिप्लोमाच्या फाईलखाली ठेवलेत. दोन जोडांचे आहेत, उरले तर परत ठेवू नकोस. शनिवारीच जा, रविवारी तिकडची बहुतेक दुकानं बंद असतात.

तुझे,
बाबा

ता.क. बूट साइटवर लॉकरमध्ये ठेव, येता-जाता सँडल घाल. लेडीज डब्यात त्या टोपीने कोणाचा पाय चेंगरलास तर तिथे मी काही मदत करू शकणार नाही.