पोळ्याची वर्गणी अन् काळ्याचे टाके

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र लांबलं तर खुशाल कापा पण छापा. मी राळेगाव तालुक्यातला कापसाचा शेतकरी. वावरात काळ्या नावाचा गावरान कुत्रा आहे, जातबित काही नाही, पण रात्री जागलीले खरा माणूस तोच. मागच्या दिवाळीच्या आधी रानडुकरानं त्याचं पोट फाडलं, सुळा असा लागला की कातडं लोंबत होतं. तालुक्याले अशा ऑपरेशनची सोय नाही म्हणून पिकअप भाड्यानं केली, काळ्याले बारदान्यात गुंडाळलं अन् शंभराच्या वर किलोमीटर नागपूर गाठलं. घरची म्हणे, "कुत्र्यापायी साडेतीन हजार भाडं? डोकं फिरलं का तुमचं!" तिचंही काही चुकत नव्हतं, त्या वर्षी कापसाचा भाव तुम्हाले माहीतच आहे.

नागपूरच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात एक पोरगी होती, शिकाऊच असावी. फरशीवरच मांडी घालून बसली, गॉजपट्टीचा फास करून काळ्याचं तोंड बांधलं, कारण दुखणारं कुत्रं मालकालेही चावते, अन् भूल चढेपर्यंत त्याच्या कानाजवळ "झालं रे राजा, झालं" म्हणत राहिली. मंग मोठ्या डॉक्टरनं टाके घातले. मी मोजले, एकवीस.

बाजूच्या बाकावर एक म्हातारी होती, मांडीवर पिशवीत मांजर, मागचा पाय मोडलेला. हाडात पिन टाकावी लागते, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याची पावती थोडकीच होती पण पिन अन् बाहेरून आणायची औषधं धरून आकडा वाढला, तिनं पदराच्या गाठीतल्या नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, परत बांधल्या अन् उठून चालाले लागली. तं या शिकणाऱ्या पोट्ट्यांनीच तिले थांबवलं, मोबाईलवरून एकमेकाले पैसे पाठवून तिथल्या तिथं वर्गणी जमवली. अन् त्यातल्याच एकाचं दोन महिन्यांचं मेसचं बिल थकलं होतं, हे मले त्यांच्याच थट्टामस्करीतून समजलं. साहेब, माझ्या डोक्यातून हे अजून जात नाही. ज्याले द्यायले पाहिजे तोच देऊन राहिला होता.

आपल्याकडं दान होत नाही असं कोणी म्हणू नये. भंडारे होतात, गोशाळेले चाऱ्याचे ट्रक जातात, पोळ्याले झूल, बाशिंगं, शिंगाचा रंग, मखराले पैसा कमी पडत नाही. खांदशेकणीले बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून आपण म्हणतो "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या". मंग त्याच बैलाचा पाय मोडला तर हात लावणारा डॉक्टर कुठून येणार, त्याच्या शिक्षणात आपला एक रुपया आहे का, हे कोणी विचारत नाही.

हे काही नवं खूळ नाही. मुंबईत परळले बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आहे, सर दिनशा पेटिट यांनी दान देऊन उभं केलेलं, अन् १८८६ साली व्हेटरनरी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचं, कॉलेज सुरू झालं ते तिथंच. म्हणजे एकाच दानात जनावराचा इलाज अन् पोरांचं शिक्षण दोन्ही बसलं. आपल्या नागपुरात १९५८ पासून व्हेटरनरी कॉलेज आहे, २००० पासून पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथंच. दूर जायचं कामच नाही.

हा जनावरांच्या डॉक्टरचा कोर्स इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. नीटची परीक्षा देऊन सीट भेटते, गावात पेढे वाटतो, अन् मंग रूम, मेस, पुस्तकं, गमबूट, एप्रन, स्टेथोस्कोप हे सगळं कापूस वेचणाऱ्या मायच्या मजुरीतून. स्कॉलरशिप असते पण पैसे खात्यात पडेपर्यंत कितीतरी महिने निघून जातात, आमच्या गावचाच एक पोट्टा शिकतो तिथं म्हणून सांगतो. दानशूर लोक पहिल्या आलेल्याले सुवर्णपदक देतात, देऊ द्या बाप्पा, पण मेस बंद झालेल्याचं बिल भरलं तर फोटो येत नाही म्हणून ते कोणी करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लोक म्हणतील माणसाले दवाखाना नाही अन् हा कुत्र्या-मांजरासाठी झोळी फिरवते. मीही हेच म्हणत होतो. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचल्यात जमा नसते, अन् कुत्र्याले दरवर्षी लस टोचली तर आपलंच लेकरू सुरक्षित राहते. कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाचंही तसंच, रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-चार दिवसांत जाते, दीड-दोन महिन्याचं असताना पहिली लस अन् पुढचे डोस (बूस्टर) वेळेवर दिले तर बहुतेक पिल्लं वाचतात. पण गावात लस घेते कोण? अन् ज्या पोरीनं काळ्याचं तोंड बांधलं तिचा हात उद्या माझ्या गाईच्या अडलेल्या वासरालेही कामी येणार आहे.

आमच्या पोळा मंडळात यंदा भांडण झालं, डीजे पाहिजे की नाही. डीजे हरला, दोन मतांनी. वाचलेल्या पैशातून अर्धे एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या मेसले अन् अर्धे गरिबांच्या जनावरांच्या औषधाले द्यायचं ठरलं. पावती पक्की पाहिजे, कारण दानावर इन्कम टॅक्सची जी सूट असते (८०जी म्हणतात ती), ती दोन हजाराच्या वर रोख दिलं तर भेटत नाही हे आमच्या गावच्या दुकानदारानं बजावून सांगितलं आहे, तो एकटाच इन्कम टॅक्स भरतो! अन् कोणत्या जनावरावर किती खर्च झाला तो कागद फळ्यावर लागला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी डीजेवाले आमचं काही चालू देणार नाहीत.

तर संपादक साहेब, विदर्भात असे पैसे घेणारे, विद्यार्थ्यांसाठी अन् जनावरांच्या इलाजासाठी वेगळं खातं ठेवणारे कोण आहेत, त्याची माहिती चौकशी करून तुमच्या पेपरात एकदा छापा. रक्कम मंडळाच्या कोषाध्यक्षाकडं पडून आहे अन् तो थोडा उधळ्या आहे.

काळ्या बरा आहे. थोडा लंगडते, अन् पिकअप दिसली की वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर पळते.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ